वह्या आधी परत आणा, पुस्तकाचं मग बघू

सप्रेम नमस्कार,

मी मंगळवार पेठेत राहतो, वय ६३. मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होतो. आता काम थांबवलंय. वाचनाचं वेड शाळेपासनंच. थोरल्या बहिणीच्या नावावर करवीर नगर वाचन मंदिरातनं पुस्तकं आणायचो, पुढं स्वतःची वर्गणी भरायला लागलो, ती आजतागायत चालू आहे. ऐतिहासिक कादंबऱ्या म्हणजे जीव की प्राण. काम सुटल्यावर मीही एक लिहायला घेतली, करवीर संस्थानच्या काळातली. सहा फुलस्केप वह्या भरल्या. एका प्रकाशकांना दाखवल्या, त्यांनी वाचायला ठेवून घेतल्या. महिन्याभरानं फोन आला : ‘अप्रतिम आहे. ८५ हजार भरा. दोनशे प्रती तुम्हाला, प्रकाशन समारंभ आणि एक साहित्य पुरस्कार आमच्याकडून.’ बायको म्हणते, मोडा एक ठेव, एवढी हौस आहे तर. मुलगा म्हणतो, आता वाचतंय कोण? मला स्वतःला वेगळीच धाकधूक आहे. जन्मभर दुसऱ्यांचं वाचलं. नुसत्या वाचणाऱ्यानं लिहावं का? माझी भाषा आपली कोल्हापुरी, ती कुणाकडनं तरी शुद्ध करून घ्यावी का? अधनंमधनं यार्डातल्या आठवणीही एका वहीत लिहिल्यात, पण त्या साध्याच आहेत, पुस्तकात घालण्यासारख्या नाहीत. कादंबरीच्या कच्च्या खर्ड्यातलं एक पान आणि त्या आठवणींचं एक पान सोबत जोडलंय. यार्डातलं कधी छापायचंच झालं तर आमच्या शेठजींचं नाव घालायचं की नाही, तेही सांगा. सहा वह्यांची दुसरी प्रत माझ्याकडं नाही.

— एक वाचक, कोल्हापूर

दिवाणजी, नमस्कार.

यार्डात तुम्हाला याच नावानं हाक मारत असतील, म्हणून मीही तेच घेते.

पत्रातली शेवटची ओळ वाचून पोटात गोळा आला. तेव्हा पुस्तकाचं बाजूला ठेवा. उद्या सकाळी त्या प्रकाशकांकडे जा आणि सहाही वह्या घेऊन या. फोन नको, स्वतः जा. मुलाला सोबत न्या. ‘घरी वाचून दाखवायच्यात’ एवढं सांगितलं तरी पुरे आहे, खरं तर कारण सांगायचीही गरज नाही. तुम्ही पैसे भरलेले नाहीत, कशावर सही केलेली नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिखाण कागदावर उतरलं की त्याचा हक्क लिहिणाऱ्याचा होतो, त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही. तो हक्क तुम्हाला हयातभर, आणि तुमच्या पश्चात वारसांना ६० वर्षं. वह्या हातात आल्या की घरी जाण्याआधी झेरॉक्सच्या दुकानात जा. एक प्रत घरी, एक बहिणीकडे. शिवाय मुलाला मोबाइलवर पानापानाचे फोटो काढून ठेवायला सांगा. इथून पुढे मूळ वही कुणाच्याही हातात द्यायची नाही, माझ्याही नाही.

आता ८५ हजार. देऊ नका. वहिनींचं मन मोठं आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा, पण ठेवीला हात लावू नका. पुस्तक खपेल असं वाटलं की प्रकाशक त्यात स्वतःचे पैसे घालतो आणि वाचकाकडून ते वसूल करतो. म्हणून तो तुमचं लिखाण तपासतो, भांडतो, चार पानं काढायला लावतो, दुकानदारांच्या मागे लागतो. लेखकाकडूनच सगळे पैसे आधी घेतले की त्याचं काम तिथेच संपलं. उरलेल्या प्रती गोदामातून बाहेर पडल्या काय आणि न पडल्या काय, त्याला फरक पडत नाही. बिलासोबत येणाऱ्या पुरस्काराला पुरस्कार म्हणायचं नसतं, हेही लक्षात असू द्या. शिवाय महिन्याभरात सहा वह्या वाचून ज्याला एकही दुरुस्ती सुचली नाही, त्यानं त्या उघडल्या तरी होत्या का, अशी मला शंका येते.

स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. मराठीत ती जुनी आणि सन्मानाची वाट आहे. पण त्या वाटेनं जायचं तर प्रकाशक तुम्हीच, आणि दुसरा असतो तो फक्त छापखाना. तेव्हा छापखान्यात जाताना कागदावर लिहून न्या : डेमी आकार, एकूण पानं किती, म्हणजे सोळा पानांच्या हिशेबानं फॉर्म किती, आतला कागद किती जाड, म्हणजे किती जीएसएमचा, मुखपृष्ठाला लॅमिनेशन हवं का, बांधणी शिवून की नुसती चिकटवून, प्रती किती. अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन यांचे दर वेगळे मागा. कोल्हापुरातल्या दोन-तीन छापखान्यांचे दर हातात आले की त्या ८५ हजारांत कागद-शाई किती आणि बाकीचं काय, याचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा लवकर काढाल.

आता मला मनापासून ज्यावर बोलायचंय त्याकडे येते. तुमच्या कादंबरीच्या पानाची सुरुवात अशी आहे :

‘सूर्यनारायणाच्या सुवर्णकिरणांनी करवीरनगरीचे भव्य प्रासाद उजळून निघाले होते. परंतु महाराजांच्या विशाल भाळावर चिंतेचे जाळे पसरले होते.’

आणि ज्या आठवणींना तुम्ही ‘साध्याच’ म्हणता, त्यातलं हे :

‘पन्हाळ्याकडचा एक म्हातारा पट्टी हातात घेतली की आकड्याकडं बघायचाच नाही, माझ्या तोंडाकडं बघायचा. वाचता येत नव्हतं त्याला. हमाली, तोलाई, उचल सगळं वजा जाऊन खाली काय उरलं ते मी सांगायच्या आधी त्याला माझ्या तोंडावरनं कळायचं. म्हणून पट्टी वाईट असली की मी मान खाली घालून वाचायचो.’

दिवाणजी, ही दोन्ही पानं एकाच माणसाची आहेत यावर माझा आधी विश्वास बसेना. अक्षर जुळवून बघितलं.

पहिल्या पानातला सूर्य, प्रासाद, भाळ, चिंतेचं जाळं, यातलं तुम्ही स्वतः पाहिलेलं काहीच नाही. ते तुमच्या वाचनातून आलेलं आहे, आणि माझ्याही वाचनात ते इतक्यांदा येऊन गेलंय की डोळा त्यावरून घसरतो. दुसऱ्या पानातला म्हातारा मी आधी कुठेच वाचलेला नव्हता. तो लिहायला दुसरं कुणी नाहीही, कारण त्याच्या समोर पट्टी घेऊन बसलेले तुम्हीच होता. पण त्याहून मोठी गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का? ‘मान खाली घालून वाचायचो’ इथे तुम्ही थांबलात. पुढे ‘गरिबांचं दुःख पाहून काळीज पिळवटायचं’ असं काही लिहिलं नाहीत. शेतकऱ्यावर अन्याय कसा होतो याचं भाषण केलं नाहीत. कुठे थांबायचं हे सांगणारा कान जन्मजात नसतो. तो तुम्हाला वाचन मंदिराच्या कपाटांनी दिला आहे.

तेव्हा ‘नुसत्या वाचणाऱ्यानं लिहावं का’ याचं माझं उत्तर असं आहे. भरपूर वाचलं की आपोआप लिहिता येतं असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. वाचनानं दोन गोष्टी अंगी लागतात. एक म्हणजे दुसऱ्यांची वाक्यं तोंडात बसतात. दुसरी म्हणजे खरं वाक्य आणि उसनं वाक्य यांतला फरक कानाला कळायला लागतो. पहिली गोष्ट तुमच्या कादंबरीत उतरली आणि दुसरी यार्डातल्या पानात. तुम्हाला उपयोगाची आहे ती दुसरी. इतकी वर्षं तो कान तुम्ही दुसऱ्यांच्या पुस्तकांना लावलात, आता तो स्वतःच्या वहीला लावायचा आहे. हे कठीण जातं, कारण स्वतःची उसनी वाक्यं आपल्याला फार गोड वाटतात.

ऐतिहासिक कादंबरीची ओढ मला कळते. कोवाडचे रणजित देसाई आणि आजऱ्याचे शिवाजी सावंत, दोघंही आपल्याच जिल्ह्याचे. ‘स्वामी’ १९६२ साली आली, ‘मृत्युंजय’ १९६७ साली, आणि तुम्ही बहिणीच्या नावावर पुस्तकं आणत होता तेव्हा ती पुस्तकं वाचनालयात हातोहात फिरत असणार. तुमच्या वयाच्या वाचकाच्या मनात ती भाषा घर करून बसली यात नवल नाही. कादंबरी फाडून टाका असं मी म्हणणार नाही. ती परत आणा, झेरॉक्स करा आणि कपाटात ठेवून द्या. यार्डाचं पुस्तक हातावेगळं झालं की ती पुन्हा काढून वाचा. त्यातलं काय ठेवायचं ते तेव्हा तुमचं तुम्हालाच दिसेल.

भाषा शुद्ध करून घेऊ नका. कृपा करून नको. आपल्या या मुलखानं मराठीला याच बोलीत मोठं लिखाण दिलंय. पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांच्या कथांमधून माणसं जशी बोलतात तशीच बोलली. कागलच्या आनंद यादवांच्या ‘गोतावळा’मध्ये, म्हणजे १९७१ साली, नुसते संवादच नाहीत तर सगळं निवेदनही बोलीत आहे. तुमच्या पानातलं ‘तोंडावरनं’ एखाद्यानं ‘चेहऱ्यावरून’ केलं तर तो म्हातारा तिथून उठून जाईल. मात्र बोली ओढूनताणूनही आणायची नाही. तुम्ही बोलता तेवढीच. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका हा निराळा मामला आहे, त्या मुद्रितशोधक काढतो, त्याची लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

एक अडचण येईल ती धंद्यातल्या शब्दांची. पट्टी, उचल, रवा, काहील, चुलवाण, जळव्या, गुळव्या, हे तुम्हाला रोजचे आहेत, नागपूरच्या वाचकाला नाहीत. पण तेवढ्यासाठी शेवटी शब्दांचे अर्थ देऊ नका आणि मधे थांबून समजावूनही सांगू नका. ‘जळव्या चुलवाणात चिपाडं सारत होता’ असं लिहिलंत की जळव्या कोण आणि त्याचं काम काय, हे त्या वाक्यातच उलगडतं. तुमच्या म्हाताऱ्याच्या पानात ‘पट्टी’चा अर्थ तुम्ही कुठेही सांगितलेला नाही, तरी तो न कळणारा वाचक मला भेटायचाय.

वयाचं तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण आकडा लिहिलात त्यावरून ते मनात आहे असं वाटतं. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा. लिहाय-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती, आणि आजही ते पुस्तक वाचताना कुणी समोर बसून सांगतंय असंच वाटतं. धंद्याचं म्हणाल तर निपाणी आपल्यापासून किती लांब? तिथले महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत चालवत कथा लिहीत राहिले. गॅरेजवाले, ड्रायव्हर, तंबाखूच्या वखारीतल्या बाया यांना त्यांच्यामुळे मराठी कथेत जागा मिळाली. गूळ-अडतीतला दिवाणजी अजून कुणी लिहिलेला मला ठाऊक नाही.

आणि लिहिण्यासारखं किती आहे! कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची वाहवा सगळे करतात. पण तो गूळ विकला जाताना दुकानाच्या गादीवर काय चालतं, हे कुणाला माहीत आहे? पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याला कोण कुठल्या कपड्यात यायचं. तीस किलोच्या रव्यावरून, म्हणजे ढेपेवरून, छोट्या बॉक्सांवर धंदा कसा आला. गुजरातच्या व्यापाऱ्याला कुठला रंग लागायचा आणि आपल्या घरी कुठला गूळ खाल्ला जायचा. साखर मिसळलेला गूळ तोंडात टाकल्यावर जुन्या माणसाला कसा कळतो. आगाऊ पैशांची उचल घेऊन गेलेला शेतकरी पुढच्या हंगामात दुसऱ्याच दुकानी माल लावतो तेव्हा शेठजी काय बोलतात आणि दिवाणजी काय बोलत नाही. यातलं प्रत्येक एक पान आहे. मला यातलं वरवरचं माहीत आहे, तुम्हाला आतलं.

लिहिताना जन्म, बालपण, शाळा अशी सुरुवात करू नका. एका वेळी एक माणूस किंवा एक दिवस घ्या आणि तेवढाच संपवा. रोज संध्याकाळी रोजमेळ जुळल्याशिवाय तुम्ही दुकानातून उठत नसाल. तसंच लिहिलेल्या पानावरचं प्रत्येक वाक्य दुसऱ्या दिवशी पडताळा : हे मी पाहिलं की कुठे वाचलं? वाचलेलं सापडलं तर त्यावर काट मारा, कितीही सुंदर असलं तरी.

मग मोठ्यानं वाचा. आधी एकट्यानं, नंतर माणसांना. पहिला ऐकणारा यार्डातला असू द्या, एखादा जुना हमाल किंवा तोलाईवाला. दराचं, वजनाचं, हंगामाचं काही चुकलं तर तो तिथल्या तिथे अडवेल. दुसरा ऐकणारा गुळाशी काही संबंध नसलेला हवा, वाचनालयात रोज भेटणारा एखादा वाचक चालेल. त्याला ‘कसं वाटलं’ असं विचारू नका, तो ‘छान’ म्हणेल आणि विषय संपेल. ‘कुठे कंटाळा आला?’ असं विचारा. घरच्यांना सगळ्यात शेवटी ऐकवा. घरची माणसं प्रेमानं ऐकतात, आणि कच्च्या खर्ड्याला त्याचा उपयोग होत नाही.

टाइप करून घ्याल ते युनिकोडमध्येच करून घ्या, म्हणजे पुढे कुठल्याही संगणकावर उघडेल आणि मेलनं पाठवता येईल. मोबाइलवर बोलून टाइप करायची सोय मराठीत चांगली आहे, हात दुखत असेल तर जरूर वापरा. पण तो फोन तुमची बोली परस्पर ‘सुधारून’ ठेवतो, म्हणून प्रत्येक ओळ वहीशी ताडून बघावी लागेल.

छापण्याची घाई पुस्तकापासून नको. दिवाळी अंकापासून सुरुवात करा. १९०९ साली ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून नव्या लेखकाला मराठीत ही दारं उघडी आहेत. वाचनालयात मागच्या दिवाळीचे अंक मागून घ्या, बसून चाळा आणि आपल्यासारखं लिखाण कुठे छापलं जातं ते हेरा. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यात चालते, म्हणून मे-जूनमध्ये लेख संपादकांच्या हातात पडलेला बरा. दीड-दोन हजार शब्दांचा एकच लेख पाठवा. वर नाव, पत्ता, फोन आणि ‘अप्रकाशित’ असा शब्द. एकच लेख एका वेळी दोघांना द्यायचा नाही. पाच अंकांची वर्गणी भरा म्हणजे लेख छापतो, असं कुणी म्हणालं तर तिथे पाठवायचा नाही.

असे दहा-बारा लेख झाले, त्यातले दोन-तीन छापून आले, की सव्वाशे-दीडशे पानांचं पुस्तक उभं राहतं. प्रकाशक निवडायचा तर घरातल्या पुस्तकांतच बघा. आठवणींची, माणसांची, गावाकडची पुस्तकं कोण काढतं ते टिपून ठेवा, पत्ता सुरुवातीच्या पानावर असतोच. एका पानाचं पत्र आणि दोन लेख पाठवा, सगळं बाड नको. तीन महिने उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. नकार आला तर तो त्या दुकानाचा नकार समजा आणि दुसऱ्या पत्त्यावर पाठवा. पण दोघा-तिघांनी एकच खोट काढली तर मात्र वही पुन्हा उघडा.

होकार आला की करार लेखी मागा. तोंडी नको, माणूस कितीही भला असू दे. मानधन छापील किमतीवर किती टक्के (दहाच्या आसपास ही नेहमीची रीत), हिशेब वर्षातून कधी मिळणार, लेखकाला प्रती किती, हक्क किती वर्षांसाठी, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. ‘सर्व हक्क कायमचे’ अशा ओळीवर सही करू नका. ई-पुस्तक आणि ध्वनिपुस्तक यांच्या ओळी वेगळ्या असू द्या.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ज्यांचं पहिलंच पुस्तक यायचंय अशांसाठी. तिची जाहिरात येते, नियम मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. मुलाला लक्ष ठेवायला सांगा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिल्लीची राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्था फुकट देते. त्याचे कुणी हजारांत पैसे लावले तर सावध व्हा. आणि स्वतःच प्रकाशक झालात तर १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवावी लागते. त्यातलं एक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं आहे.

मुलाच्या प्रश्नाला टोलवायचं नाही. तो काळजीपोटी बोलतोय आणि थोडं खरंही बोलतोय. नव्या लेखकाची पहिली आवृत्ती आज काही शेकड्यांत निघते, तीही सावकाश जाते. यातून पैसा येणार नाही, हे घरात आधीच बोलून मोकळे व्हा. पण ‘वाचतंय कोण’ हे कोल्हापुरात बसून विचारू नये. या गावात वाचन मंदिर १८५० साली उभं राहिलं. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी देशातला पहिला कायदा केला तो आपल्या संस्थानानं, १९४५ साली. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी आला. गावोगावच्या या वाचनालयांत आजही संध्याकाळी पुस्तक बदलायला माणसं येतात, आणि गुऱ्हाळावर, यार्डात, साखर कारखान्यावर ज्यांची हयात गेली अशांची मुलं-नातवंडं त्यांत आहेत. आपल्या आज्याच्या हातातली पट्टी कोण लिहीत होतं, हे त्यांना वाचायला मिळालेलं नाही.

राहिलं शेठजींचं नाव. पहिला खर्डा खऱ्या नावांनीच लिहा, खोट्या नावानं लिहिताना माणूस हातातून निसटतो. पक्क्या प्रतीत नाव, गाव, दुकानाच्या खुणा बदला. शेतकऱ्यांचीही बदला. ती माणसं स्वतःचा बचाव करायला तुमच्या पुस्तकात येऊ शकत नाहीत. पण शेठजींच्या बाबतीत नाव बदलून भागणार नाही. तुम्ही कुणाचे दिवाणजी होता हे सगळ्या यार्डाला माहीत आहे. तेव्हा त्यांच्याबद्दल जिथे कडू लिहिलं असेल, ती पानं घेऊन त्यांच्या घरी जा आणि वाचून दाखवा. ते हयात नसतील तर मुलांना. ते नको म्हणाले आणि ते पान छापण्यावाचून पुस्तकाचं अडत नसेल, तर वहीतच राहू द्या. अडत असेल तर मला पुन्हा लिहा, त्यावर वेगळं बोलावं लागेल.

दुकानाच्या खतावणीतले खरे आकडे मात्र कुठल्याच परिस्थितीत छापू नका. ते विश्वासानं तुमच्या हाती दिलेले होते. पट्टीवर नेमके किती रुपये होते हे वाचकाला कळायची गरज नसते. ‘औताला एक बैल येईल एवढे’ किंवा ‘पोरीच्या लग्नाला कमी पडतील एवढे’ असं लिहिलंत की त्याला रक्कम कळते.